फोल्डर म्हणतं, पोट रिकामं नाही

मु. वळ, गोडाऊनच्या मागची खोली

तीर्थस्वरूप देवरामदादा,

धाकटी बहीण ललिता हिचा जोहार. तुझा गुडघा कसा आहे? वयनीचा खोकला गेला, की अजून कोंबड्या घाबरून उडतात? काळी शेळी व्याली का, आणि पाट झाली की बोकड? आम्ही इकडे सुखरूप आहोत असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. सुखरूप कोणी नाही. माझी कंबर गेली आहे, तुझी पोर आठवडाभर धड जेवली नव्हती, आणि माझा जीव अशा एका वस्तूने खाल्ला आहे जी हाताला लागत नाही, तराजूत बसत नाही, आणि तरी तोंड वर करून म्हणते की माझं पोट रिकामं नाही. सगळं सांगते. गुडघा सरळ करून बस.

फोनवर सांगितलं असतं, पण तुमच्या पाड्यावर रेंज येते ती चिंचेखाली, आणि तू चिंचेखाली उभा राहिलास की सगळा पाडा येऊन उभा राहतो. शिवाय तू फोनवर हां हां करतोस आणि शेवटी म्हणतोस, काय ऐकू आला न्हाय, परत सांग. परत सांगायची ताकद माझ्यात उरलेली नाही. म्हणून लिहिते आणि काळूरामच्या भाजीच्या टेम्पोतून पाठवते. शैलू वाचून दाखवील. शैलू, मधलं गाळायचं नाही, आणि तुझ्या बापाला जिथे मी बोलले आहे तिथे आवाज बारीक करायचा नाही. (अक्षराला हसायचं नाही. चौथीपर्यंत शाळा, त्यात दुसरी दोनदा. बोलताना काहीही बोला पण लिहिताना 'नाही' लिहायचं, 'न्हाय' लिहायचं नाही, एवढं मास्तरांनी छडीने शिकवलं ते राहिलं. बाकीचं सगळं शेताच्या वाटेवर सांडलं.) कागद गोडाऊनचे आहेत. मागे मिक्सरचं चित्र दिसेल, तिकडे लक्ष देऊ नका.

तर काळूरामने तुझा निरोप दिला. तू जीप सांगितली आहेस, येत्या बाजाराच्या दिवशी येणार आणि बायडीला उचलून घेऊन जाणार. पोरीचं नाव चोर म्हणून पाड्यावर पोचलं, तुला मान वर करता येत नाही. ये. ने. मी अडवणार नाही, तुझी पोर आहे. मला तिचा कंटाळा आला, गोडाऊनचा आला, त्या कॉम्प्युटरचा तर इतका आला की कुठे चौकोनी काही दिसलं तरी मी वाट बदलते. पण नेण्याआधी गोष्ट डोक्याकडून ऐक, कारण पाड्यावर ती शेपटाकडून पोचली आहे. म्हणे बायडीने काचेचे डिनर सेट चोरले! या खोलीत आम्हा दोघींना मिळून तीन ताटल्या, त्यातली एक झाकणाची. आणि वयनीला विचार, शेजारच्या रंगूबाईने तिच्याकडे काय मागितलं ते मला कळत नाही असं समजू नका. पाहुणे येणार आहेत, पोरीने आणलेल्या त्यातल्या चार बशा दे, धुऊन परत करते! एका तोंडाने चोर म्हणायचं आणि त्याच तोंडाने बशा मागायच्या.

आधी बायडीचं काम काय ते समजून घे. शहरातले लोक घरबसल्या माल मागवतात, मग तो आवडत नाही, नाहीतर फुटतो, मग परत पाठवतात. परत आलेला खोका बायडी उघडते. माल धड असेल तर पुन्हा बांधायचा. फुटला असेल तर मोबाईलवर फोटो काढायचा आणि तुकडे भंगारात टाकायचे. फोटो म्हणजे साक्षीदार. फोटो आहे, तर बशी फुटली. फोटो नाही, तर बशी बायडीने नेली. इतका सरळ कायदा आहे. आणि ते फोटो मुंबईच्या मोठ्या कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझं होतं. त्याला सर्व्हर म्हणतात. तो कुठेतरी एसीत बसलेला असतो, मी पाहिलेला नाही, आणि त्याने मला पाहिलेलं नाही हेच बरं. माझ्या कंबरेला खोके झेपेनात म्हणून मॅनेजर प्रभाकर साहेबांनी मला तिथे बसवलं. पंख्याखालची खुर्ची! अख्ख्या गोडाऊनमध्ये पंखा दोनच जागी, एक साहेबांच्या डोक्यावर आणि दुसरा त्या कॉम्प्युटरच्या, तोही कॉम्प्युटर तापतो म्हणून. त्याच्या कृपेने मला वारा. कीबोर्ड नारपोलीच्या कुठल्याशा लूमवाल्याच्या ऑफिसातून जुना आणलेला, बटणांच्या फटीत अजून सुताचा भुसा. क दाबला तर येत नाही आणि आला तर थांबत नाही.

काम सोपं. पडद्याचे दोन भाग. डावीकडे आमच्या गोडाऊनचा कॉम्प्युटर, उजवीकडे सर्व्हर. डावीकडचा फोटो माउसने धरायचा, ओढत उजवीकडे न्यायचा, सोडायचा. पोचला की डावीकडचा पुसून टाकायचा, कारण आमच्या कॉम्प्युटरच्या पोटात जागा नाही. एवढं मी शिकले आणि त्यावर समाधानी होते. मग आला सुश्रुत.

सुश्रुत ठाण्याचा. इंजिनीअर. बिनसाखरेचा चहा पितो (कोणी सांगितलेलं नसताना). त्याने सर्व्हरचा जुना प्रोग्राम काढला आणि स्वतः लिहिलेला नवा बसवला. जुना बिघडला होता का? नव्हता. मग का काढलास, असं मी विचारलं, आणि ती माझी चूक झाली, कारण त्याने स्टूल ओढलं आणि मला समजावायला बसला. म्हणाला, "मावशी, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल म्हणजे नुसता पोत्यावर लिहिलेला पत्ता. आत काय आहे हमालाला माहीत नाही, पत्ता वाचायचा आणि ढकलायचं. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फाइल आणि प्रत्येक फोल्डर ही एक वस्तू आहे. ऑब्जेक्ट. तिला स्वतःबद्दल सगळं माहीत असतं. आपण तिला हात लावायचा नाही. आपण तिला विचारायचं."

काय विचारायचं? तर तू फाइल की फोल्डर? तुझा मालक कोण? तुला कोणी उघडून बघायचं, कोणी नाही? तुझं नाव बदलू का? तुला पुसू का? आणि ती वस्तू आपलं आपण उत्तर देते. फाइल म्हणजे एकटा जीव, आमचा एक फोटो म्हणजे एक फाइल. फोल्डर म्हणजे पोटात पोरं असलेली वस्तू, आणि त्या पोरांतली काही पुन्हा फोल्डरच, त्यांच्या पोटात आणखी पोरं. आईला जे हक्क ते पोरांत उतरतात. आणि हुकूम दोघांना एकच दिला तरी दोघं तो आपापल्या रीतीने ऐकतात. फाइलला म्हटलं जा, की ती निमूट जाते. फोल्डरला म्हटलं जा, तर ती म्हणते, पोटात पोरं आहेत, अशी कशी जाऊ? मी म्हटलं, अरे बाबा, यात तू नवीन काय शोधलंस, हे तर आमच्या पाड्यावरचं हरेक घर आहे. तर तो स्टुलावरून उठलाच. "एक्झॅक्टली, मावशी!" तेव्हापासून तो मला हुशार समजायला लागला, आणि माझं वाटोळं त्या दिवशी सुरू झालं. हुशार समजलं की माणसाकडे कोणी नीट लक्ष देत नाही.

(एक मध्येच सांगते, नाहीतर विसरेन. माझ्या नावाने आत गेलं की सर्व्हरवरचं वळचं फोल्डर तेवढं दिसतं. राहनाळच्या गोडाऊनचं दिसत नाही, मुंबईचं दिसत नाही, काही नाही. तरी वर जायचा एक बाण आहे. तो मी दुपारभर दाबला. दाबला की जिथे होते तिथेच. सुश्रुत म्हणाला, मावशी, तुमच्यासाठी याच्या वर काही नाहीच, हेच तुमचं आभाळ. म्हटलं, ते मला जन्मल्यापासून माहीत आहे, मग बाण कशाला ठेवलास?)

आता फोटोंचं ऐक. बायडी फोटो काढते ते चांगले काढते, आत्या म्हणून बोलत नाही. फुटका तुकडा शटरजवळच्या उजेडात असा धरते की चीर सुद्धा नक्षीसारखी दिसते. एके दिवशी प्रभाकर साहेब अख्ख्या लाइनीसमोर म्हणाले, "वा! ही पोर फुटक्या बशीचा फोटो काढते तो लग्नाच्या अल्बममध्ये लावावा!" बोलले आणि चालते झाले. मागे ना कोणी थू थू केलं, ना मीठमोहरी. व्हायचं तेच झालं. दुसऱ्या दिवसापासून फोटो सर्व्हरवर अर्धे पोचायला लागले. वर बशी, खाली नुसती राख. सुश्रुतने धड फोटो काढून ठेवले, अर्धे पुसले, फोल्डर रिकामं करून दिलं आणि म्हणाला, नेट तुटतं. मी म्हटलं, वळमध्ये नेट काय आज तुटायला लागलं? ते कायमचंच तुटतं. मग साहेबांनी कौतुक करायच्या आधी फोटो का नाही तुटले? तो चहा पीत राहिला.

दादा, गुटगुटीत बाळाला आपण काय करतो? कानशिलाला काजळाचं बोट. फोटोला कानशील नसतं, पण नाव असतं. म्हणून मी डावीकडे असतानाच प्रत्येक फोटोच्या नावाच्या आधी एक टिंब ठेवायला लागले. तीट. त्या नारपोलीच्या कीबोर्डवर बाकी सगळी बटणं रडतात, टिंबाचं तेवढं लोण्यासारखं चालतं. मला तो शकुन वाटला. आणि गुण असा आला की काय सांगू! तीट लावलेला फोटो उजवीकडे नेऊन सोडला की खाली 'पोचला' असं येई, आणि उजवीकडे फोल्डर स्वच्छ. एक फोटो नाही. आता तू म्हणशील, बाई, तुला तिथेच शंका यायला नको? दादा, मी गोडाऊनची बाई आहे. आमच्याकडे फलाटावर माल दिसला की शिव्या आणि फलाट रिकामा दिसला की शाबासकी. माल उचलला, गाडी गेली, काम झालं. मला वाटलं मुंबईचे लोक फोटो पोचल्या पोचल्या उचलून घेतात. रोज संध्याकाळी ते रिकामं फोल्डर बघायची, डावीकडचे फोटो पुसायची आणि समाधानाने डबा धुवायला जायची. जन्मात इतकं चोख काम माझ्या हातून झालं नव्हतं.

मग मालवाल्या कंपनीने फुटलेल्या डिनर सेटांचे फोटो मागितले. उजवीकडे काही नाही. डावीकडे मी पुसलेलं. तुकडे भंगारवाल्याने कधीच नेलेले. प्रभाकर साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. ते ओरडत नाहीत, सुस्कारा टाकतात. ओरडलेलं परवडलं. म्हणाले, "ललिताबाई, फोटो नाहीत, तर सेट गेले कुठे हे बायडीने सांगावं. नाहीतर शनिवारनंतर तिला गेटच्या आत घेता येणार नाही. आणि एकदा असं लिहून बाहेर काढली की या पट्ट्यातलं कुठलंच गोडाऊन तिला उभं करणार नाही." बायडी म्हणाली, "मी फोटू काढलं हाय. आत्याने धाडलं हाय." तेवढंच. मी म्हटलं, मी धाडले. सुश्रुतने येऊन बघितलं आणि म्हणाला, मावशी, फोल्डर रिकामं आहे, यादीत एक नाव नाही. तो खोटं बोलत नव्हता, मी पण बोलत नव्हते, बायडी पण नाही. तीन खरी माणसं उभी आणि मध्ये एक चोर!

त्यानंतरचा आठवडा वैऱ्यालाही नको. माल चढवणारी पोरं तिच्याकडे बघून, "ए बायडी, हमारे लिए भी एक प्लेट रखना हां," आणि हसायची. तिने डबा आणायचा बंद केला. का ग, तर म्हणाली, डबा उघडला का कोनतरी इचारतंय, यो डबा तरी तुझाच ना? मी त्या पोरांना जे बोलले ते शैलूला वाचायला लावत नाही. पण खरं सांगू का, त्यांना बोलताना सुद्धा माझ्या मनात भीती होती की फोटो गेले ते कुठे गेले? पोरीवर माझा विश्वास होता. माझ्यावर राहिला नव्हता.

शनिवारी सुश्रुत म्हणाला, फोल्डरच बिघडलं असेल, ते काढून टाकतो आणि नवं करतो, निदान पुढचे तरी फोटो नीट राहतील. बायडीचा ओळखपत्राचा पट्टा साहेबांच्या टेबलावर काढून ठेवलेला होता. सुश्रुतने फोल्डरला हुकूम दिला, जा. फोल्डर म्हणालं, पुसता येत नाही, फोल्डर रिकामं नाही. त्याने परत दिला. परत तेच. लाल अक्षरात. त्याने यादी उघडून दाखवली, यादी रिकामी. परत हुकूम. फोल्डर म्हणे, पोट रिकामं नाही. सुश्रुत वैतागला. म्हणाला, जबरदस्तीने काढायची सोय आहे, आत जे काही असेल त्याच्यासकट जातं.

दादा, माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, थांब! तूच शिकवलंस ना, वस्तूला हात लावायचा नाही, तिला विचारायचं? ती बाई तोंडाने सांगते आहे पोटात पोरं आहेत, आणि तू तिला पोरांसकट चिरडायला निघालास? तो म्हणाला, मावशी, यादीत काही नाहीये. मी म्हटलं, यादी कोणी केली? तू. पोट कोणाचं? तिचं. तो म्हणाला, मावशी प्लीज, आणि बोट बटणाकडे नेलं. मग मी काय करणार? खाली वाकले (या कंबरेने!) आणि भिंतीतला प्लग ओढला.

प्लग पंख्याचा निघाला.

कॉम्प्युटर जागच्या जागी, ढिम्म. पण पंखा थांबला आणि प्रभाकर साहेब बाहेर आले. एका तारेवर दोन्ही पंखे आहेत हे त्या दिवशी कळलं. घाम पुसत म्हणाले, "काय चाललंय इथे?" मी सांगितलं, सुश्रुतने सांगितलं, दोघं एकदम. साहेबांनी सुस्कारा टाकला आणि त्याला विचारलं, "सुश्रुत, तुझी यादी म्हणते रिकामं, तुझं फोल्डर म्हणतं रिकामं नाही. दोन्ही तुझंच. म्हणजे तुझं सॉफ्टवेअर खोटं बोलतं?" झालं. पोरगा कानापर्यंत लाल. त्याला बायडीचं काही नव्हतं, माझं काही नव्हतं, पण त्याच्या वस्तूंना कोणी खोटारडं म्हणालेलं त्याला चालेना. "माझे ऑब्जेक्ट खोटं बोलत नाहीत, सर." आणि ते सिद्ध करायला म्हणून त्याने एक काळा पडदा उघडला आणि यादीला न विचारता थेट फोल्डरला विचारलं, तुझ्या पोटात जी जी पोरं आहेत ती सगळी दाखव, एकही गाळू नकोस.

पडदा भरला. मग वर सरकला आणि परत भरला. सरकतच राहिला. सगळे फोटो, एकूण एक, बायडीच्या फुटक्या बशा. आणि प्रत्येक नावाच्या आधी माझं टिंब.

सुश्रुतने दोन्ही हातांनी डोकं धरलं. म्हणाला, कॉम्प्युटरच्या दुनियेत जुनी रीत आहे, ज्या नावाच्या सुरुवातीला टिंब ती वस्तू लपवून ठेवलेली समजायची. यादी करताना प्रोग्राम एकेका वस्तूला विचारतो, तू लपलेली आहेस का? ती इमानाने म्हणते, हो. मग तिला यादीत घेत नाहीत. पण पोट मोजताना तिला धरतात. "पण टिंब लावलं कोणी?" मी मान वर करून म्हटलं, मी लावलं. तीट आहे ती. नजर लागली होती.

मग सुश्रुत हसायला लागला तो चष्मा काढून टेबलावर ठेवेपर्यंत. मी म्हटलं, हसू नकोस, एकेक उघडून बघ, एक तरी अर्धा आहे का? त्याने उघडले. सगळे अख्खे. वरपासून खालपर्यंत बशी. राखेचा ठिपका नाही. म्हटलं, आता बोल, गुण आला की नाही? या खेपेला त्याच्या हातात चहाही नव्हता. आणि मला त्याला अजून विचारायचं आहे, तीट लावायची ती नजर लागू नये म्हणून, बाळ लपवायला नाही. ज्या माणसाने ही रीत काढली त्याला लहानपणी कोणी तीट लावलीच नव्हती का?

बायडी पुढे आली. वाकून बघितलं आणि हळूच म्हणाली, "ती निळ्या फुलांची हाय का?" निळ्या फुलांची होती. फुटलेली बघून तिला तेव्हाच वाईट वाटलं होतं. मग तिने साहेबांच्या टेबलावरचा पट्टा स्वतःच्या हाताने उचलला, गळ्यात घातला, आणि त्या दुपारी माझा डबा अख्खा एकटीने खाल्ला. मी उपाशी.

म्हणून म्हणते, ये आणि घेऊन जा तिला. मी थकले, दादा. ज्या जागी पोरीने सांगितलं ते कोणी ऐकलं नाही, मी सांगितलं ते कोणी ऐकलं नाही, आणि एका न दिसणाऱ्या फोल्डरने सांगितलं ते सुद्धा साहेबांना घाम आला म्हणून ऐकलं, त्या जागी तुझी पोर ठेवून तुला काय मिळणार? मी तर पंख्याखालून उठलेच आहे. साहेबांनी अगदी गोड शब्दांत सांगितलं, ललिताबाई, तुम्ही आता परत लाइनीवर, तुमच्या पद्धती आमच्या सिस्टमला झेपत नाहीत. आज खोके उचलले. हे पत्र पालथी पडून लिहिते आहे, म्हणून ओळी चढत गेल्या आहेत.

वयनीला सांग खोकल्याला आडुळसा दे. शेळीचं कळव.

तुझी धाकटी,
ललिता

ता. क. वर दोन ठिकाणी 'ये आणि ने' लिहिलं आहे ते रागात लिहिलं. खोडायला गेले तर कागद फाटतो. तू ते ऐकलंच नाहीस असं समज, तसंही तुला ऐकू येत नाही. जीप रद्द कर. पंख्याखालच्या खुर्चीत आता बायडी बसते. सुश्रुत म्हणत होता की सगळी टिंबं एका हुकुमात उडवतो, पण साहेबांनी त्याला थांबवलं. म्हणाले, एकेक फोटो तिलाच उघडू दे, आपल्या हाताने टिंब काढू दे आणि कंपनीला पाठवू दे, म्हणजे कोणाचं काम होतं ते त्यांनाही कळेल. तिला नेलंस तर माझी खुर्ची फुकट गेली. (पाड्यावर सांगताना, आत्याने खुर्ची सोडली असं सांग. काढून घेतली असं सांगू नकोस.)

ता. क. रंगूबाईला म्हणावं, बशा नाहीत. बशांचे फोटो हवे असतील तर पुष्कळ आहेत, टिंब काढून देते, पाहुण्यांसमोर मांड.

ता. क. शैलू, हे मोठ्याने वाच. दादा, पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते राहिलंच. वयनीच्या हातचं काजळ एक डबी काळूरामकडे दे. दुकानातलं नको, ते पुसतं. फायलींसाठी नाही मागत, सुश्रुतने माझ्यापुढे हात जोडले आहेत. बायडीसाठी. पंख्याखाली बसल्यापासून सगळी लाइन वळून वळून तिच्याकडे बघते, आणि काल प्रभाकर साहेब पुन्हा सगळ्यांसमोर 'वा' म्हणाले. लवकर पाठव. तीट लावल्यावर ही पण दिसेनाशी झाली तर घाबरू नकोस, कोणता प्लग ओढायचा ते आता मला माहीत आहे.